खासबाग कुणाची?

कोल्हापूरला पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी आणि जाता जाता चपलांचा एक जोड. त्यातून वेळ उरला तर कुणीतरी म्हणतं, "चला, न्यू पॅलेस बघून येऊ." म्हणजे राजवाडा आमच्याकडे उरलेल्या वेळात बघायचा असतो. मंडळी तिकीट काढतात, पेंढा भरलेले वाघ बघतात, अंबारी बघतात, बाहेर येऊन घड्याळाच्या मनोऱ्यापुढं फोटो काढतात आणि तासाभरात परततात. मी मंगळवार पेठेत राहणारा, हाडाचा शाळामास्तर. आजवर किती जणांना असं फिरवून आणलं याची मोजदाद नाही. पण निवृत्तीनंतर मुलीकडं इंग्लंडला महिनाभर राहिलो, तिथली सरदार-जमीनदारांची जुनी घरं आणि त्यांच्या बागा पाहिल्या, तेव्हापासून या तासाभराच्या फेरीचा मी जरा वेगळा विचार करू लागलो. असं घर बघायचं म्हणजे त्यात काय बघायचं, आणि ते बघायला मिळावं म्हणून कुणी काय केलेलं असतं, याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

आधी आपल्या राजवाड्याविषयी. आमचा जुना राजवाडा गावाच्या पोटात आहे. भवानी मंडप, नगारखाना आणि हाकेच्या अंतरावर अंबाबाईचं देऊळ. देवळातली घंटा राजाला घरात ऐकू यावी, इतकं सगळं जवळ. नवा राजवाडा मात्र गावाबाहेर, कसबा बावड्याच्या वाटेवर, मोकळ्या जागेत बांधला. मधोमध एकच भव्य इमारत आणि चहूबाजूंनी बाग, झाडी, तळं. फाटकातून आत शिरल्यावर इमारत लांबूनच दिसावी आणि तिच्याकडं जाताना माणसाला आपण लहान झाल्यासारखं वाटावं, अशी ही मांडणी. ही आपल्या वाड्यांची रीत नव्हे, ही इंग्रजी रीत. ती कोल्हापुरात कशी आली, याची कथा थोडी दुःखाची आहे.

राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले, तेव्हा सोळा वर्षांचे होते. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले. समुद्रपर्यटनाला समाजाचा विरोध असण्याचा तो काळ. या प्रवासात महाराजांनी इंग्रजीतून रोजनिशी लिहिली. त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. पण पुस्तक छापलं गेलं तेव्हा लिहिणारा हयात नव्हता. परतीच्या वाटेवर, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांचं निधन झालं. वय अवघं वीस. त्या शहरात दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी मिळवून, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, आपल्या पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आजही ती तिथल्या कॅशिने उद्यानाच्या टोकाला आहे. शेजारी १९७८ साली बांधलेल्या पुलाला फ्लॉरेन्सची माणसं 'भारतीयाचा पूल' म्हणतात. हा भारतीय कोल्हापूरचा, हे तिथं किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. इथं तरी किती जणांना ठाऊक आहे?

त्या छत्रीचा आराखडा करणारा मेजर चार्ल्स मँट हाच पुढं आपल्या नव्या राजवाड्याचा वास्तुकार झाला. लष्करातला हा इंजिनिअर. भाऊसिंगजी रस्त्यावरचा टाऊन हॉल, १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेला, तोही त्याचाच. राजवाड्याचं काम १८७७ मध्ये निघालं. दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा हा काळ. सात वर्षं काम चाललं आणि खर्च सुमारे सात लाख रुपये झाला, असं सांगितलं जातं. पण मँटनं तो पुरा झालेला पाहिला नाही. १८८१ मध्येच तो वारला. आपण आखलेल्या इमारती कोसळणार या धास्तीनं शेवटी त्याचं मन बिघडलं होतं, असं त्याच्याविषयी लिहिलं गेलं आहे. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्याचाच, तो दुसऱ्या वास्तुकारानं १८९० मध्ये तडीस नेला. दोन्ही राजवाडे आजही ठणठणीत उभे आहेत.

ज्यांच्या कारकिर्दीत हे बांधकाम झालं, ते चौथे शिवाजी महाराजही इथं नांदले नाहीत. त्यांना वेडं ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. याच कोल्हापूर प्रकरणात बदनामीच्या खटल्यावरून टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. २५ डिसेंबर १८८३ रोजी त्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. पुढं १८८४ च्या मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला एक मुलगा दत्तक आला, दहाव्या वर्षात असलेला. त्याच साली राजवाडा पुरा झाला. तो मुलगा म्हणजे शाहू महाराज.

एवढं डोक्यात ठेवून राजवाड्यात शिरलं की तीच इमारत वेगळी दिसते. काळ्या दगडाचं बांधकाम, अष्टकोनी आखणी, मधला मनोरा. खांब आणि कमानी बघाव्यात तर गुजरात-राजस्थानातल्या देवळांची आठवण व्हावी. दरबार हॉल दोन मजले उंच. त्याच्या खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. रंगीत काचेची कला युरोपातल्या चर्चची आणि तिच्यावर चित्रं शिवरायांची. सकाळी बाहेरून ऊन आलं की ती उजळतात. मी बरोबरच्यांना तिथं पाच मिनिटं नुसतं उभं राहायला सांगतो. शस्त्रं, पोशाख, चांदीच्या वस्तू, शिकारीतली जनावरं हे सगळं तळमजल्यावरच्या श्री छत्रपती शहाजी संग्रहालयात आहे. हे संग्रहालय १९७४ सालचं. राजपरिवाराचं वास्तव्यही याच राजवाड्यात. म्हणजे आपण तिकीट काढून जातो ते पडक्या वास्तूत नव्हे, नांदत्या घरात.

१९७४ हे साल लक्षात ठेवा. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. नंतर देशभरच्या राजवाड्यांपुढं एकच प्रश्न होता, एवढं मोठं घर चालवायचं कसं? कुणी कॉलेजला दिलं, कुणी सरकारला, कुणी हॉटेल काढलं. आपल्या रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस घ्या. १९३४ मध्ये पुरा झालेल्या त्या राजवाड्यात १९८७ साली हॉटेल सुरू झालं, पुढं तेही बंद पडलं. योगायोग असा की १९७४ मध्येच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक प्रदर्शन भरलं होतं, इंग्लंडमधली अशीच घरं कशी नाहीशी होत आहेत, यावर. विसाव्या शतकात तिथं अशी शेकडो घरं पाडली गेली. ज्यांचं वैभव बघून आपल्या राजांनी माळावर राजवाडे बांधले, त्यांच्यावरही तीच वेळ आली होती.

त्यातून वाचलेलं एक घर मी पाहिलं, डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ. ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांचं. कॅव्हेंडिश घराण्याकडं ही जागा १५४९ पासून आहे. डरवेंट नदीकाठी पिवळसर दगडाचा वाडा, मागं डोंगर, पुढं हिरवळ. त्या डोंगरावर तलाव खोदून, पंपाशिवाय नुसत्या उताराच्या जोरावर, १८४४ साली एक कारंजं उडवलं. रशियाच्या झारसाठी ते केलं होतं. झार काही आला नाही, पण कारंजं अजून उडतं. या बागेचा प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन. त्यानं काचगृहात केळीचं एक झाड वाढवलं, १८३५ मध्ये त्याला फूल धरलं. त्या जातीला ड्यूकच्या घराण्याचं नाव मिळालं. जळगावची जी-नाइन केळी आपण बाजारातून आणतो ना, ती याच कॅव्हेंडिश गटातली. तिथल्या फलकावर ते वाचून मला हसू आलं. इतक्या लांब येऊन शेवटी मंडईतच पोचलो!

पण त्या बागेतली एक गोष्ट मनाला लागली. नदीपलीकडं एन्झर नावाचं गाव होतं. वाड्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यात गाव नको, म्हणून ते हलवलं गेलं. १८३८ च्या पुढं पॅक्स्टनच्याच देखरेखीखाली टेकडीआड नवी घरं बांधून लोकांना तिथं नेलं. घरं चांगली बांधली, त्याबद्दल तक्रार नाही. तरी बागेसाठी गाव सरकलं, हे खरंच. दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच ड्यूकच्या काळात कुणीही सामान्य माणूस बाग बघायला आला तरी कारंजी सोडावीत, असा हुकूम होता.

मग १९५० मध्ये दहावा ड्यूक अचानक वारला आणि वारसा कर बसला ८० टक्के. नामवंत चित्रं गेली, जमिनी गेल्या, हार्डविक हॉल नावाचं दुसरं जुनं घर १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडं गेलं. चॅट्सवर्थ मात्र लोकांच्या तिकिटांवर तगलं. १९८१ पासून ते एका विश्वस्त संस्थेकडं आहे आणि ड्यूकचं कुटुंब आपल्याच पिढीजात घरात भाडं देऊन राहतं. मी गेलो तेव्हा दालनादालनात एकेक आजी किंवा आजोबा उभे होते, विचारलं की माहिती सांगायला. एका आजींना विचारलं, "आपण रोज येता का?" त्या म्हणाल्या, "नाही, मी मंगळवारची." मी मनात म्हटलं, आम्हीही मंगळवारचेच! पण त्या आजी पगार घेत नव्हत्या. आठवड्याचा एक दिवस त्यांनी त्या घराला दिला होता. ते घर त्यांच्या आज्या-पणज्यांचं नव्हतं. कदाचित पणजी तिथं भांडी घासत असेल. तरी त्या 'आमचं घर' म्हणत होत्या.

तिथून परतल्यावर मला आमच्या पेठेकडं नव्यानं बघावंसं वाटलं, कारण इंग्लंडमध्ये जे वारसा करामुळं नाइलाजानं झालं, ते आमच्या पेठेत एका राजानं आपणहून करून ठेवलं होतं, तेही शंभर वर्षांपूर्वी.

खासबाग हे नावच बघा. खास म्हणजे सरकारांची, राजाची स्वतःची. अशा बागेत सामान्य माणसाला काय काम? शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्याच दौऱ्यात, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. इटलीत त्यांनी राजाराम महाराजांच्या स्मारकाचं दर्शन घेतलं. रोमचं कलोसियम पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली, असं कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. इंग्लंडमध्ये त्यांनी अशी घरं आणि बागा पाहिल्या असणारच. पण परत येऊन त्यांनी आणखी एक राजेशाही बाग केली नाही. होती त्या खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं. १९०७ मध्ये काम सुरू झालं, १९१२ मध्ये मैदान खुलं झालं. मधे मातीचा हौदा आणि त्याच्याभोवती गोलाकार चढत गेलेली बैठक. हजारो माणसं बसली तरी कुठूनही पैलवानाचा पाय कुठं आहे ते दिसतं. हमाल असो वा सरदार, डाव सगळ्यांना सारखाच दिसतो.

मैदानाला लागूनच नाट्यगृह उभं राहिलं. १४ ऑक्टोबर १९१५ ला ते 'पॅलेस थिएटर' या नावानं सुरू झालं. पॅलेस नाव, पण प्रवेश रयतेला. १९५७ मध्ये त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. कोल्हापूरचा हा गायक नट, 'ललितकलादर्श'चा संस्थापक. जुलै १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' गाजवलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये, एकतिसाव्या वर्षी, गेला. पेठेतच साठमारी आहे. हत्तीला डिवचून, त्याला चुकवत पळायचा हा खेळ. पळणाऱ्याला आत शिरता येईल, पण हत्तीला येणार नाही, असे दगडी आडोसे त्यासाठी बांधलेले. आज पेठेतल्या पोरांना साठमारी म्हणजे एक पत्ता वाटतो. पार्सल कुठं आणायचं? साठमारीजवळ.

एका संध्याकाळी मी मैदानात एका जुन्या वस्तादांजवळ बसलो होतो. हौद्याची माती कशी राखतात, ते विचारलं. तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव, सगळं सांगितलं त्यांनी. मग म्हणाले, "पर मास्तर, ह्ये सगळं एकदा घालून भागत न्हाई. माती रोज उकरायला लागती. न्हाई उकरली तर आठ दिसांत दगूड हुती. मग त्येच्यावर पडलं तर हाडच मोडतंय." मी म्हटलं, "वस्ताद, रोज कोण उकरतं?" ते म्हणाले, "ज्येला खेळायचं असतंय त्यो."

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. खासबाग मैदानाकडच्या बाजूलाही झळ पोचली. छप्पर गेलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. आमच्या घराच्या गच्चीवरून आभाळ तांबडं दिसत होतं. सकाळी रस्त्यावर माणसं उभी होती. त्यांत कलावंत होते, तसेच भाजीवाले होते, रिक्षावाले होते, तालमीतली पोरं होती. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं. यांतल्या अनेकांनी तिथं वर्षानुवर्षं नाटक पाहिलं नसेल. तरी प्रत्येकाच्या तोंडी एकच, 'आपलं थिएटर जळालं.' नाट्यगृह पुन्हा उभं करण्याचं काम त्यानंतर हाती घेण्यात आलं. ते होईल, व्हायलाच हवं.

पण त्या सकाळी मला त्या मंगळवारच्या आजी आठवल्या. 'आपलं' हा शब्द त्याही वापरत होत्या आणि आम्हीही. त्या तो शब्द दर मंगळवारी चार तास उभं राहून म्हणत होत्या. आम्ही तो जळाल्यावर म्हटला. राजाची बाग होती तोवर तिला माळी होता, पहारेकरी होता. ती लोकांची झाली तेव्हा माळी कोण, हे कुणी ठरवलंच नाही. महापालिका आहे, शासन आहे, त्यांची जबाबदारी आहेच, ती टळू देऊ नये. पण गळणारं छप्पर, उघडी वायर, कमानीत वाढलेला पिंपळ हे आधी दिसतं ते रोज त्या वाटेनं जाणाऱ्याला. त्यानं 'आपलं' म्हणून बघितलं तर वेळेत दिसतं, 'त्यांचं' म्हणून बघितलं तर दिसूनही दिसत नाही. आपल्याकडं सार्वजनिक म्हणजे सरकारचं आणि सरकारचं म्हणजे कुणाचंच नाही, असा एक हिशेब रूढ झाला आहे. शाहू महाराजांनी बाग दिली ती या हिशेबावर नव्हे.

काय करता येईल? फार मोठं काही नाही. पेठेत शाळा आहेत, तालमी आहेत, मंडळं आहेत. एकेका शाळेनं एकेक वास्तू आपली मानावी. महिन्यातून एकदा मुलांनी तिथं जावं, काय पडलं, काय गळतं, ते वहीत लिहावं आणि ती यादी शिक्षकांनी संबंधितांकडं पोचवावी. शिकवण्याच्या तासापेक्षा त्यातून जास्त इतिहास कळेल, हे मी छत्तीस वर्षांच्या मास्तरकीनंतर सांगतो. निवृत्त माणसांना वेळ असतो. साठमारीच्या दगडी आडोशापाशी, खासबागेच्या फाटकापाशी आठवड्याचा एक दिवस कुणी उभं राहून येणाऱ्याला दोन गोष्टी सांगितल्या, तर त्याला फक्त घशाचा खर्च आहे. आम्ही चार-पाच जणांनी हे सुरू करायचं ठरवलं आहे. वार कोणता घ्यायचा यावर वाद झाला नाही.

न्यू पॅलेसला आपण तिकीट काढतो. ते तिकीट म्हणजे त्या घराच्या देखभालीतला आपला वाटा आहे, तो आनंदानं द्यावा. खासबागेला तिकीट नाही, कारण ती आपलीच आहे. तिथं आपला वाटा वेगळ्या रीतीनं द्यावा लागतो, आणि तो रोजच्या रोज द्यावा लागतो.